शेवट राजमणी सांगते

दुसरी पाळी सुटते बाराला.
अक्कलकोट रोडवरनं सायकल मारत विडी घरकुलात येईतो
पाऊण वाजतो. राजमणी जागी असते.
सूप मांडीवर, हजारात अजून शंभर कमी,
आणि टीव्हीला खोचलेला भाच्याचा पेनड्राइव्ह.
पिक्चर नावांवरच थांबवून ठेवलेला.
माझ्यासाठी.

मी कडक भाकरी मोडतो,
दह्यात शेंगाचटणी कालवतो आणि बघायला बसतो.
आता मत विचाराल तर
कुठल्याही पिक्चरचा पहिला अर्धा भाग चांगलाच असतो ओ.
गाव असतं, हिरोची आई असते,
एखादी भरलेली नदी असते
(आपला नळ पाचव्या दिवशी,
नदी आली की आम्ही दोघंही जेवायचं थांबतो).
मग मारामारी सुरू होते
आणि मला झोप लागते.
आठ तास मागाच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला
आवाज म्हणजे पाळणाच.

सकाळी चहा घेताना विचारतो,
मग? काय झालं त्याचं?
विडीला दोरा गुंडाळत ती सांगते.
जहाजाचा कप्तान किनाऱ्याला लागला,
तिथंच चहाचं हॉटेल टाकलं.
तो तुरुंगातला सुटला, बहिणीच्या अक्षतांना वेळेत पोचला,
शर्ट तेवढा मळका होता.
विसरायचा आजार झालेल्या मास्तरांना
मुलीचं नाव आठवलं. लाडाचं नाव.

हे सगळं मी कारखान्यात सांगतो,
माझंच मत असल्यासारखं.
बघा एकदा, शेवट लई भारी.

परवा वाइंडिंगवरचा इलियास म्हणाला,
काय बे, कुठला पिक्चर बघितलास तू?
कप्तान तर बुडतो.
मल्लिनाथ म्हणाला, मास्तर पोरीलाच विचारतो की,
तुम्ही कोण, कुणाकडं आलाव?
सगळे हसले. मीपण हसलो.
टॉवेलाचे तीन धागे तुटले तेवढ्यात,
सुपरवायझर ओरडला.

त्या रात्री येताना सात रस्त्याला थांबून
दोन कटिंग मारले. घरी तोंड धुतलं.
पिक्चर एका टपालवाल्याचा होता, डोंगरातला.
मारामारी नव्हतीच, बर्फ होता नुसता,
तरी मी ठरल्या वेळी डोळे मिटले,
थोडं घोरलोसुद्धा.
पापण्यांच्या फटीतनं बघत राहिलो.

तिनं आधी आवाज बंद केला.
आमच्याच पेठेतली चादर, जरा टोचते,
माझ्या पायावर टाकली.
मग विड्या वळत मुका पिक्चर बघत बसली,
हात पानावर, डोळे पडद्यावर.
टपालवाला एका झुलत्या पुलावर आला.
पुलाची एक दोरी सुटलेली दिसत होती,
ती पिक्चरवाल्यांनी मुद्दाम दाखवलेली, जवळून.
राजमणीचे हात थांबले.
"पोनी ले," म्हणाली टीव्हीला, जाऊ दे म्हणाली,
आणि बटण बंद केलं.
माणूस पुलावर उभा होता,
पिशवी खांद्याला, जिवंत.

अंधारात तिनं उरलेल्या विड्या मोजल्या,
तेलुगूत, बोटांनी.
मोजताना एकदा चुकली, परत पहिल्यापासनं.

सकाळी विचारलं, मग?
गेला की पलीकडं, म्हणाली.
पत्र दिलं म्हातारीला. तिनं आत बोलावलं,
बस म्हणाली, जेवून जा.
काय केलं होतं जेवायला?
जरा विचार केला तिनं.
आमटी, म्हणाली. आणि भात.

पाळीला इलियास मला बघूनच सुरू झाला,
तो टपालवाल्याचा मी काल बघितला बे, शेवटी तो...
मी म्हणालो, थांब, आधी मशीन लाव.
पिक्चर चांगलाच आहे.
फक्त बर्फ जरा जास्त झाला,
आणि एवढ्या थंडीत त्यानं
कानटोपी घालायला पाहिजे होती.